जिन्यात खाल्लेली बिस्किटं

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३६ वर्षांची आहे, मला एकेरीच म्हणा. चार वर्षांपूर्वी सिलिॲक निघाला, म्हणजे गव्हा-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की आतडं बिघडवणारा आजार. ग्लुटेन बंद झालंच, पण म्हटलं करायचंच आहे तर नीट करू. साखर बंद, तळलेलं बंद, पाकिटातलं काहीही बंद, रात्री साडेसातनंतर काही खायचं नाही. तीन वर्षं एकदाही चुकले नाही. मग बाबांचं दुखणं आलं. पाच महिने हॉस्पिटल. एका रात्री जिन्यात बसून, कुणीतरी हातात ठेवलेला बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. त्यानंतर सुटलंच. समोर येईल ते खाल्लं. बाबांना जाऊन आता चार महिने झाले. परवा तपासण्या केल्या. टीटीजी (हा आजार किती बळावलाय ते दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा वर गेलंय, हिमोग्लोबिन खाली आलंय. डॉक्टर म्हणाले, आता काटेकोर राहा. आणि पुढच्याच महिन्यात कामासाठी बारा दिवस परदेशी जायचंय, तीन शहरं. माझा माझ्यावरच भरवसा उरलेला नाही. अजून एक, हे कुणाशी बोलले नाहीये. बाबांना घोटभर पाणी जात नव्हतं आणि मी माझ्या डब्याची चौकशी करायची, याची मला लाज वाटायची. ती वाटायला नको होती का?

— अर्धपोटी

*

प्रिय अर्धपोटी,

बाबांचं वाचून वाईट वाटलं. पाच महिने हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढलेल्या मुलीला पथ्याचे धडे द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण मलाही हाच आजार आहे, १४ वर्षं झाली, आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी इतकं वाईट पाळलं की माझ्या डॉक्टरांनी फाईल मिटून नुसतं माझ्याकडे बघितलं होतं. तेव्हा हे उपदेशाच्या उंचीवरून नाही, शेजारच्या बाकड्यावरून आलंय असं समज.

तुझ्या पत्रातल्या दोन शब्दांवर मी अडले. ‘त्यानंतर सुटलंच.’ काय सुटलं, ते एकदा नीट बघू या.

तू पाच नियम पाळत होतीस. ग्लुटेन, साखर, तळलेलं, पाकीटबंद, साडेसात. यातला डॉक्टरांनी दिलेला किती? एक. बाकीचे चार तू हौसेने लावून घेतलेस. लावायला माझी हरकत नाही, चांगलेच आहेत ते. पण तू पाचही एकाच दोरीत ओवलेस आणि त्या दोरीला ‘माझं पथ्य’ असं नाव दिलंस. आता हॉस्पिटलातले ते पहिले आठवडे आठव. सगळ्यात आधी साडेसातचा नियम गेला असणार, कारण डॉक्टर रात्री नऊला राउंडला येतात आणि ते येऊन जाईपर्यंत जेवायला कोण उठतं? मग पाकीटबंद गेलं असेल. मग चहातली साखर परत आली असेल. म्हणजे जिन्यातल्या त्या रात्री तू पहिल्यांदा पथ्य मोडलंस असं तुला वाटतंय, पण तुझ्या मनाच्या हिशेबात ते तोवर तीनदा मोडून झालेलं होतं. मोडलेल्याला काय मोडायचं, असं म्हणत हात पुड्याकडे गेला.

हे तुझ्या एकटीचं नाही. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खाण्यावर बंधन ठेवणारे आणि न ठेवणारे अशा दोन्ही तऱ्हेच्या विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइसक्रीम हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. ज्यांना बंधनाची सवय नव्हती त्यांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइसक्रीम कमी खाल्लं, जे साहजिक आहे. बंधन पाळणाऱ्यांचं उलट झालं. मिल्कशेक न प्यायलेल्या पथ्यवाल्यांपेक्षा मिल्कशेक प्यायलेल्या पथ्यवाल्यांनी जास्त आइसक्रीम खाल्लं. बांध फुटला की पाणी किती वाहिलं ते कुणी मोजत बसत नाही.

म्हणून पहिलं काम: ती दोरी काप. एका कागदावर डॉक्टरांचा नियम एकटा लिही, दुसऱ्या कागदावर तुझे चार. घर स्थिर आहे, झोप मिळतेय, स्वयंपाकघर हाताशी आहे, तेव्हा पाचही पाळ. घर हललं, प्रवास आला, कुणी आजारी पडलं, की दुसरा कागद खुशाल ड्रॉवरमध्ये टाकायचा. न लाजता, मुद्दाम, ‘आजपासून हे चार रजेवर’ असं स्वतःला सांगून. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या मशीनमधून बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट काढलंस, त्यावरचे घटक वाचलेस, बटाटा, तेल आणि मीठ एवढंच निघालं आणि ते खाल्लंस, तर तुझं पथ्य शाबूत आहे. वर एक चॉकलेट खाल्लंस तरी (तेही वाचून) शाबूत आहे. आहारतज्ज्ञ माझ्यावर रागावतील. रागावू देत. पाच महिने वेफर्स आणि केळ्यांवर काढलेस तर चार किलो वाढतील, पण आतडं जिथल्या तिथे राहील.

इथे एक सावधगिरीची सूचना, कारण हे सदर इतरही पथ्यवाले वाचतात. पथ्यं दोन जातींची असतात. काही हो-नाहीची, काही मापाची. सिलिॲक, शेंगदाण्याची किंवा माशांची ॲलर्जी, ही हो-नाहीची. तिथे ‘थोडंसं’ हा शब्दच नसतो, पण त्या बदल्यात डोक्याला हिशेब करावा लागत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाब ही मापाची पथ्यं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला केळं आणि बटाटा यांतलं पोटॅशियम जपावं लागतं, इन्सुलिन घेणाऱ्याला जेवण चुकवणंही महागात पडतं. तेव्हा माझी वेफर्स-केळ्यांची यादी त्यांनी उचलू नये. त्यांच्या दोरीत कुठला मणी डॉक्टरांचा आणि कुठला स्वतःचा, ते त्यांनी त्यांच्या डॉक्टरांकडूनच वेगळं करून घ्यावं.

आता ‘थोडंसं’बद्दल, कारण प्रवासात हाच शब्द तुझ्या कानाशी सगळ्यात जास्त वेळा येणार आहे. पावाच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय प्रयोगात सिलिॲकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्याने आतड्याच्या आतली लव झिजलेली दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या एका कापाचे चाळीस तुकडे केले तर त्यातला एक. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना इजा होत नाही असं धरतात. ‘ग्लुटेन फ्री’ची जी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, एका किलोत २० मिलिग्रॅम, ती याच हिशेबातून सोसण्यासारखी आहे: मर्यादेला टेकलेलं अन्न दिवसभरात अर्धा किलो खाल्लंस तरी १० मिलिग्रॅम होतात. म्हणजे लेबल असलेल्या अन्नाला घाबरायचं कारण नाही, आणि ‘अगं, एक घास घे, काय होतंय’ याला भीड घालायचंही कारण नाही. लक्षणांवर तर मुळीच विसंबू नकोस. पुष्कळांचं पोट गप्प बसतं आणि नुकसान रक्तात दिसतं, तुझ्या हिमोग्लोबिनसारखं.

हा आजार आणि हालअपेष्टा यांचं नातं तसं जुनं आहे. गव्हाचा गुन्हा पकडला गेला त्यात एका दुष्काळाचा हात होता. विलेम कारेल डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. काही मुलं गव्हाने आजारी पडतात असा संशय त्यांना १९३० च्या दशकातच आला होता. मग १९४४-४५चा हिवाळा आला. जर्मन ताब्यातल्या पश्चिम हॉलंडची रसद तुटली, माणसं ट्यूलिपचे कंद आणि साखरेचं बीट उकडून खाऊ लागली, वीस हजारांहून अधिक लोक मेले. पाव जवळजवळ नाहीसा झाला. आणि त्या भीषण दिवसांत सिलिॲकची मुलं मात्र बिघडायच्या ऐवजी सुधारत होती. सगळ्या मुलखाची उपासमार त्या मूठभर मुलांच्या अक्षरशः पथ्यावर पडली. १९५० साली डिकेंनी आपल्या प्रबंधात मोजमापांनिशी गव्हाकडे बोट दाखवलं.

मी वाईट दिवसांत ही गोष्ट आठवते ती उपासमारीचं कौतुक म्हणून नव्हे. या पथ्याला सुबत्ता लागत नाही, एवढं त्यातून कळतं. आपण समजतो की खास पीठ, खास पाव, खास दुकान, ओटा आणि वेळ असेल तरच हे जमतं. तसं नसतं. भात, उकडलेला बटाटा, उकडलेलं अंडं, केळं, दूध, शेंगदाणे. एवढ्यावर महिना निघतो. कंटाळवाणा निघतो, पण निघतो. संकटात जेवण चविष्ट असलं पाहिजे ही अटही मी दुसऱ्या कागदावर टाकते.

आता लाजेकडे येते. हा प्रश्न तू शेवटी लिहिलास, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंयस असं मला वाटतं.

लाज वाटली यात चूक काही नाही. आपलं माणूस समोर उपाशी पडलेलं असताना आपल्याला भूक लागते, याचीच मुळात लाज वाटते. तुझी भूक तर ‘हे चालत नाही, ते चालत नाही’ म्हणणारी. माझी आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, स्वयंपाक दुसऱ्यांच्या हातात होता. मी ताट बाजूला सारलं तेव्हा माझी एक मावशी हळू आवाजात म्हणाली, ‘आज तरी नखरे नकोत गं.’ तिच्या मनात वाईट नव्हतं. मी खाल्लं. तिसऱ्या दिवशी बँकेची, दाखल्याची, सह्यांची कामं माझ्या नावाने निघाली आणि मी न्हाणीघराच्या फरशीवर आडवी. माझा भाऊ एकटा धावला. मावशीचं मन राखलं आणि भावाच्या डोक्यावर माझं ओझं टाकलं, एवढाच त्या घासाचा जमाखर्च. तुझ्या त्या पाच महिन्यांतही तुझं पोट बिघडून किती दिवस वाया गेले असतील, आणि ते नेमके बाबांजवळ बसायचे दिवस असतील, याचा विचार तू केला असशीलच. मी तो तुला टोचायला काढत नाहीये. पुढच्या वेळी डबा मागताना जीभ अडखळली तर तेवढं आठव.

आणि पुढची वेळ येईल. म्हणून दुसऱ्यांकडून मदत कशी घ्यायची ते आताच ठरवून ठेव. हॉस्पिटलात रुग्णाच्या जेवणाची चिंता करणारं माणूस नेमलेलं असतं. सोबत बसणाऱ्याच्या जेवणाचं कुणाकडेच नसतं. भेटायला येणारा प्रत्येकजण ‘काही लागलं तर सांग’ म्हणतो, आपण ‘नाही, काही नको’ म्हणतो, आणि तो बिचारा खालून बिस्किटांचा पुडा घेऊन येतो, कारण रिकाम्या हाताने यायचं त्याच्याही जिवावर येतं. तुझा तो पुडा असाच आला असणार. त्याऐवजी सांगायचं: ‘चार उकडलेली अंडी सालासकट आण’, ‘नुसता भात आण, मीठ घालून, दुसरं काही नको’, ‘केळी आण’. पथ्य समजावून सांगत बसू नकोस, पदार्थ सांग. ‘मला ग्लुटेन चालत नाही’ म्हटलं की समोरच्याला काय करावं ते कळत नाही आणि तो घाबरून काहीच आणत नाही, किंवा मोठ्या प्रेमाने ओट्सची खीर आणतो, जी बहुतेक वेळा गव्हासोबत दळलेल्या ओट्सची असते. घरातल्या एका माणसाला हे खातं देऊन टाक. बाकीच्यांना त्याचा नंबर दे.

घरात तीन दिवसांचं असं खाणं कायम भरून ठेव की जे कुणीही, झोपेतसुद्धा, रांधू शकेल किंवा न रांधता खाता येईल. पूर असो, संप असो, अचानकचं दुखणं असो, बाहेरून वाटायला जे येतं ते बहुधा पाव, बिस्किटं आणि झटपट शेवया असतात. तिन्ही आपल्या उपयोगाचे नाहीत.

बारा दिवसांच्या प्रवासाचं त्या मानाने सोपं आहे, कारण त्याची तारीख माहीत आहे.

विमानात ग्लुटेन नसलेलं जेवण आधी सांगून मिळतं, निघण्याच्या २४ ते ४८ तास आधी नोंद लागते, त्याचं ठरलेलं चार अक्षरी नाव जीएफएमएल. स्वस्त विमान कंपन्यांत बहुधा ही सोय नसते. वेळ बदलली, विमान बदललं, की ही नोंद कधीकधी गळून पडते, तेव्हा पुन्हा विचार. आणि ताट आलं तरी डोळे उघडे ठेव. मुख्य जेवण बरोबर असतं आणि कडेला सवयीने नेहमीचा पाव ठेवलेला असतो, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

पण जेवण मिळणारच नाही असं धरून निघ. प्रवासाचे जितके तास, त्याच्यावर एक अख्खा दिवस जास्तीची शिदोरी. हा जास्तीचा दिवस मी फार महागात शिकले. एकदा रात्रीचं विमान रद्द झालं, कंपनीने सगळ्यांना जेवणाची कुपनं दिली, आणि ती चालायची त्या एकमेव खिडकीवर फक्त सँडविच होतं. मी शहाणपणा करून वरखालचा पाव काढला आणि आतलं सारण खाल्लं. पावाचा चुरा सारणाला चिकटलेला असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. भूक लागली की माहीत असलेलं माहीत राहत नाही. तुझी शिदोरी ही भुकेसाठी कमी आणि भुकेल्या डोक्यासाठी जास्त आहे.

शिदोरीत कोरडं घे. विमानतळावर पातळ आणि लिबलिबीत पदार्थांना बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरची मर्यादा असते, आणि शेंगदाण्याचं बटर, दही हेही त्यांच्या लेखी पातळच. आजारासाठी लागणाऱ्या अन्नाला अनेक ठिकाणी सूट मिळते, म्हणून डॉक्टरांचं पत्र जवळ ठेव, तुझ्या भाषेत नको, इंग्रजीत. उतरताना मात्र उलट तपासणी असते. ताजी फळं, मांस, दुधाचे पदार्थ कित्येक देश आत येऊ देत नाहीत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर फारच कडक. फॉर्मवर जे आहे ते खरं लिही. लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर तेवढं अन्न जातं, लपवलं तर दंड होतो. शिजवलेलं अन्न घेतलंस तर ते उन्हाळ्यात तासाभरात आणि एरवी दोन तासांत संपव, त्यानंतर त्याच्यावर विश्वास टाकू नकोस.

खोली फ्रिजवाली माग, पाणी उकळायची किटली असेल तर उत्तम. आणि पहिल्या संध्याकाळी, पोचल्या पोचल्या, अंथरुणावर पडायच्या आधी, किराणा दुकान गाठ. माझ्या अनुभवात बारा दिवसांच्या प्रवासात पथ्य मोडतं ते तिसऱ्या किंवा आठव्या दिवशी नाही, पोचण्याच्या रात्री मोडतं. दमलेली, उशीर झालेला, सगळं बंद, खालच्या काउंटरवर काचेखाली केक. तीन शहरं म्हणजे अशा तीन रात्री. त्या तीन रात्रींचं जेवण बॅगेत वेगळ्या पिशवीत बांध आणि त्याला मधे हात लावू नकोस.

सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर सालवालं शोध. न सोललेलं अंडं, अख्खं फळ. सालाच्या आत चुरा जात नाही. ‘ग्लुटेन फ्री’ पाव ठेवलेला असेल तर छान, पण सगळ्यांच्या टोस्टरमध्ये तो घातलास की संपलं. तीच गोष्ट तळणाच्या तेलाची. बटाट्यात ग्लुटेन नाही, पण ज्या कढईत आधी मैद्याचं काही तळलं त्यात तळलेला बटाटा आपला नाही.

बाहेर जेवताना ‘यात ग्लुटेन आहे का?’ असं विचारू नकोस. वाढणारा माणूस चटकन ‘नाही’ म्हणतो, कारण त्याला तो शब्दच नीट ठाऊक नसतो. तिन्ही शहरांच्या भाषेत एक चिठ्ठी करून घे आणि ती स्वयंपाक्याच्या हातात जाऊ दे. तिच्यात नावं हवीत: गहू, मैदा, रवा, जव म्हणजे सातू, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य), माल्ट म्हणजे मोड आणलेलं जव, सोया सॉस. सूप किंवा रस्सा घट्ट करायला पीठ लावलंय का, तवा-पाटी वेगळी मिळेल का, हे दोन प्रश्न खाली. ‘व्हीट फ्री’ लिहिलेल्या पाकिटाला भुलू नकोस, गहू नसला तरी जव असू शकतो. ‘ग्लुटेन फ्री’ची मर्यादाही सगळीकडे सारखी नाही. युरोप आणि अमेरिकेत ती २० मिलिग्रॅमच्या आसपास, ऑस्ट्रेलियात मात्र तपासणीत ग्लुटेन सापडताच कामा नये, आणि ओट्स असतील तर ते लेबल लावताच येत नाही.

कामाच्या मंडळींबरोबरची रात्रीची जेवणं तुला जड जातील, ती जेवणापेक्षा बोलण्यासाठी असतात. खोलीवर खाऊन जा, तिथे एखादं पेय घेऊन बस, कुणी विचारलं तर ‘पोटाचं पथ्य आहे, मी आधीच जेवले’. या वाक्यानंतर विषय बदलतो, लोकांना वाटतं त्यापेक्षा फार लवकर बदलतो. आजाराची सगळी कथा सांगायला बसलीस तर मात्र टेबल तासभर तुझ्या आतड्यांवर चर्चा करेल.

आणि इतकं करूनही चुकून पोटात गेलं तर? त्याला उतारा नाही. बाजारात ग्लुटेन पचवणाऱ्या म्हणून गोळ्या मिळतात, त्यांच्या भरवशावर पाव खाता येईल असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. ओकारी काढू नकोस, दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास करू नकोस. पाणी पी, भात खा, झोप. पुढचं जेवण पथ्याचं. एका चुकीने आतडं झिजतं त्यापेक्षा ‘आता मोडलंच आहे’ म्हणत काढलेल्या दहा दिवसांनी फार झिजतं, हे तुला मी नव्याने सांगायला नको.

टीटीजी उतरायला महिने लागतात. दर पंधरा दिवसांनी तपासून जीव टांगणीला लावू नकोस, डॉक्टर सांगतील तेव्हाच कर. हिमोग्लोबिनबरोबर लोह, बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व पाहिलंय का ते मात्र विचार. आणि त्याच भेटीत झोपेचं आणि भुकेचंही बोल. चार महिने झाले, अन्नाकडे बघून अजूनही घशात गोळा येत असेल, किंवा आता उलट टोकाला जाऊन दर घासाला धडकी भरत असेल, तर ते नुसतं पथ्याचं प्रकरण नाही आणि त्यासाठीही डॉक्टर असतात.

हो, विमान कंपनीला जेवणाची खात्री करायला फोन करशील, तेव्हा ‘नोंद आहे’ एवढ्यावर फोन ठेवू नकोस. काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांग. माझ्या नावापुढे एकदा ‘मधुमेही’ लिहिलेलं होतं. डबा उघडला, आत बिनसाखरेची बिस्किटं.